साडूंची कवळी

पाण्याच्या वाटीत कवळी पडली होती, वरची, आणि ती हसत होती — म्हणजे कवळ्या हसतातच, त्यांना दुसरं काही येत नाही. पण ही जरा जास्तच, घरातलं गुपित चारचौघांत फोडून वर साळसूद बसलेल्या नणंदेसारखी. ती ज्याने बनवली होती तो तिच्याकडे बघत होता. हातातला चहा केव्हाच निवला होता.

सकाळी साडू आले होते. कवळी तोंडातून काढायच्या आधी खुर्चीवर नीट बसून, आवाज उतरवून म्हणाले, "साडूभाऊ, हिचं काहीतरी करा. थाप मारली की वाजते."

"वाजते म्हणजे?"

"टक्‌ करून. तुमची मेहुणी पकडते हो. परवा म्हटलं, पाय मोकळे करायला गेलो होतो. टक्‌. लगेच म्हणाली, गोड कुठे खाल्लंत तेवढं सांगा."

तो पोट धरून हसला. साडू तोंडावर रुमाल धरून जिना उतरले, आणि मग त्याचं हसू अर्ध्यावरच अडकलं... कारण ते टक्‌ त्याच्या ओळखीचं होतं. फार जुन्या ओळखीचं.

शुक्रवारी संध्याकाळी याच खोलीत, घासायचं यंत्र बाजूला सारून, पोकरचा डाव पडायचा. साडू, रिटायर्ड पोस्टमास्तर, कोपऱ्यावरचा औषधवाला आणि तो. डावावर लावायला उरलेसुरले नकली दात — पुढचे किरकोळ, सुळे मधले, आणि दाढ पुढे सरकवली की समोरच्याने दोनदा विचार करावा. खेळ संपेपर्यंत बहुतेक दाढा त्याच्याच डबीत परत यायच्या. "तुम्हाला माणूस वाचता येतो," औषधवाला म्हणायचा. पहिली काही वर्षं त्याने मान हलवून नाकारलं. नंतर नुसतीच मान हलवली. आणि अलीकडे तर त्याला ते पटूनच गेलं होतं. इतकं, की हे कवळ्यांचं दुकान गुंडाळावं, खोली खालच्या चष्मेवाल्याला देऊन टाकावी आणि जिथे मोठमोठ्या टेबलांवर लोक पोटापाण्यासाठी पोकर खेळतात तिथे जाऊन बसावं, असं त्याने मनात पक्कं केलं होतं. चष्मेवाला आज संध्याकाळी उत्तराला येणार होता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती उशीचे अभ्रे बदलत होती. "खेळा की," म्हणाली. "फक्त हरल्यावर तुमचं तोंड कसं होतं, ते मी अजून पाहिलेलं नाही. एकदा दाखवा, मग ठरवू."

त्याने कवळी उचलली. टाळूचा भाग अंगठ्याने चाचपला — इथे, डाव्या बाजूला, केसभर पोकळी. माणूस घाबरला की थुंकी सुकते, थुंकी सुकली की वरची कवळी टाळू सोडते, आणि खालचीवर आपटते. साधी गोष्ट. साडू हूल देताना टक्‌. पोस्टमास्तरांची — हो, त्यांचीही — बारीक शीळ घालते. आणि औषधवाल्याची दाढ ओल्या बुटासारखी कुरकुरते... तिघांच्याही तोंडात त्याचंच काम. मग मी वाचत काय होतो? माणसं? का माझीच राहून गेलेली पोकळी ऐकत होतो, आणि तिला अक्कल म्हणत होतो?

आणि तिकडे, त्या मोठ्या टेबलांवर... तिथली माणसं तरुण. त्यांच्या तोंडात त्यांचे स्वतःचे दात. घट्ट, मुके, जन्मजात. तो त्यांच्यामध्ये बसलेला त्याला दिसला — कान टवकारून, वाट बघत — आणि कुणीच वाजत नाहीये.

याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. वाईट काही वाटेना. उलट चपलेतून खडा निघाल्यासारखं झालं.

तरी मोह होताच. ही अशीच परत दिली तर? पाण्याने जरा धुऊन, 'बघा आता' म्हणून? शुक्रवार जसेच्या तसे राहतील, दाढा डबीत येतील, साडूंना घरी बोलणी बसतील ती बसतील. पण हात तोवर कामाला लागले होते. हातांना कधी विचारायची सवयच नव्हती. गुलाबी भुकटी कालवली, आतून नवा थर दिला, दाबला, कडा घासल्या. उन्हात धरून पाहिली. एवढी चांगली कवळी आपण पहिल्याच वेळी का नाही केली, असं त्याला वाटलं, आणि ती अजूनही हसतच होती, पण आता जरा घरंदाज.

शुक्रवारच होता. संध्याकाळी चौघे डावाला जमले, तेव्हा साडूंनी ती बसवली, जबडा इकडेतिकडे फिरवला. "मी आज दुपारी झोपलोच नाही," ते मोठ्याने म्हणाले. कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही. "वा! आता घरी जायला हरकत नाही."

"घोरल्याचा आवाज मेहुणीला कवळीशिवायही येतो," तो म्हणाला. पोस्टमास्तर शीळ घालत हसले. पुढचा नंबर यांचा, त्याने मनाशी नोंदलं.

पानं वाटली गेली. त्याच्या हातात गुलामांची जोडी. पोस्टमास्तरांनी पानं टाकली, औषधवाल्यानेही. साडूंनी एक दाढ पुढे सरकवली; मग जरा थांबून, आणखी दोन.

त्याने कान दिला. खोलीत कधी नव्हे इतकी शांतता होती. जिन्यावर चष्मेवाल्याची पावलं वाजली, दारापर्यंत आली.

"काय ठरलं मग?"

"बसा हो जरा," मान न वळवता तो म्हणाला. "इथे मलाच काही कळत नाहीये."

आणि मग कानाचा उपयोग संपल्यावर माणूस करतो ते त्याने केलं — साडूंच्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं समोर बसलेला माणूस, आणि त्याची उजवी पापणी डावीपेक्षा जरा खाली झुकलेली असते हे आज दिसत होतं. ती झुकलेली पापणी खरं बोलत होती का थाप मारत होती... काही म्हणता काही कळेना. थुंकी मात्र त्याचीच सुकली होती. डबीतल्या दाढांवर बोटं ठेवून तो तसाच बघत राहिला, आणि चौघांपैकी स्वतःचे दात असलेला तो एकटाच, ते सगळेच्या सगळे दाखवत हसत होता.