झोटवाड्यात बांधलेली होडी

प्रतिमाने पिशवीतून मोटारीच्या सीटचा पट्टा काढून सुखदेव सुतारासमोर धरला.

"भैया, ये बैठक में कस दीजिए. एकदम पक्का."

झोटवाडा भागातल्या त्याच्या शेडमध्ये एरवी कपाटं आणि पलंग बनायचे. सुखदेव आयुष्यातली पहिलीच होडी बांधत होता. आराखडा निलयचा, तो जगतपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. प्रतिमाच्या मुलीचे, वल्लरीचे पाय तीन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघातात गेले होते. एकटीला वल्हवता येईल अशी होडी वल्लरीला हवी होती. निलयने तिच्या पाठीचं माप घेऊन उंच पाठीची बैठक आखली. पट्टा मात्र साफ नाकारला.

"निलयजी से पूछा?" सुखदेवने विचारलं.

"हां, पूछ लिया," प्रतिमाने ठोकून दिलं.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या तलावावर निलयने होडीवरची ताडपत्री ओढली आणि तो थबकला.

"काकू, होडी उलटली तर?"

"म्हणूनच लावलाय. नाहीतर बाहेर फेकली जाईल ती."

"आई!" व्हीलचेअरमधून वल्लरी म्हणाली. "मतलब, मला न विचारताच?"

निलय चिडला नाही. होडी ढकलत तो कमरेइतक्या पाण्यात गेला.

"जाकीट घाला, काकू. आधी तुम्ही बसा."

प्रतिमा बसली. पट्टा खट्कन लागला तेव्हा क्षणभर तिला बरं वाटलं.

"उलटवू?"

तिने काठावरच्या वल्लरीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

थंडगार पाणी कानांत, नाकात घुसलं. वर कुठे, खाली कुठे, कळेना. जाकीट एकीकडे ओढत होतं, पट्टा सोडत नव्हता. बोटं बकल शोधत पोटावरून नुसती फिरत राहिली. ती ओरडली आणि तोंडात पाणी गेलं. मग एकदम उजेड आला. निलयने होडी सरळ केली होती.

"किती वेळ... होते मी?" खोकत तिने विचारलं.

"पाच सेकंद."

काठावर येताच तिने होडी घेऊन आलेल्या सुखदेवच्या हातातला पेचकस घेतला. पण स्क्रूवर तो बसेना. शेवटी सुखदेवनेच पट्टा काढला.

मग वल्लरीची पाळी. निलयने दोनदा होडी उलटवली. दोन्ही वेळा ती सुटून वर आली आणि खोकत होडीला लटकून राहिली. दोन्ही वेळा प्रतिमा गुडघाभर पाण्यात होती. तिथवर कधी गेली ते तिलाच कळलं नाही.

तिसऱ्यांदा वल्लरी एकटी निघाली. तलावाच्या मधोमध होडी थांबली, वाऱ्याने डुलू लागली.

"आई, भीती वाटतेय गं."

अपघात झाला, दोन ऑपरेशनं झाली. पण हे वाक्य वल्लरीच्या तोंडून कधी आलं नव्हतं. निलय पाण्याकडे धावला. प्रतिमाने त्याचा दंड पकडला.

"मलाही वाटतेय," ती ओरडली. "मी आहे इथे."

कितीतरी वेळ होडी तिथेच होती. मग वल्लरीने वल्हं उचललं आणि होडीचं तोंड पलीकडच्या काठाकडे वळवलं.

"काकू," निलय हळूच म्हणाला, "हात दुखतोय माझा."

प्रतिमाने पकड सोडली नाही.