हर्षदची क्वांटम वाटणी

लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकू.

काही क्वांटम यंत्रं अंतराळाहूनही थंड ठेवावी लागतात.

खडकाळ तुकड्यात नाचणीसुद्धा धड येत नाही.

सानिया मॅडमच्या मोबाइलची बॅटरी एकोणतीस टक्के.

शेलूत हिरूच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. वडिलांची जमीन तिघांत वाटायची होती: मधला भाऊ हिरू, धाकटा हर्षद आणि थोरल्याची विधवा सोनुबाई. तुकडे तीन. रस्त्याकडचा, भाताचा, खडकाळ. रीत अशी की तांब्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि लहान पोराने काढायच्या. यंदा हर्षदने तांब्या बाजूला सारून आपला लॅपटॉप मांडला.

"पोराला शिकवून ठेवता येतं, वहिनी. क्वांटमला नाय. परदेशातलं यंत्र हाय. तिथला कण एकाच वेळी हो पण असतो न् नाय पण असतो. साक्षात निसर्ग चिठ्ठी काढतो."

"मंग निसर्गाला नारळ फोडू," हिरू म्हणाला. फोडला.

साक्षीदार म्हणून हर्षदनेच समोरच्या घरातल्या सानिया मॅडमना बोलावलं होतं. त्या नेरळला कॉम्प्युटर शिकवतात. हर्षदच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून नेटही त्यांच्याच मोबाइलवरून घेतलं.

हर्षदने डोळे मिटून बटण दाबलं. रस्ता हर्षदला, भात हिरूला, खडक सोनुबाईला. लोकांनी हात जोडले. सोनुबाईनेही जोडले.

"माझं नशीब," ती म्हणाली.

"पुन्हा दाबा," मॅडम म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा बघितलं की कणाची लहर मोडते, मॅडम."

"कसली लहर? तुम्ही डोळे मिटलेत तेव्हाच मी नेट बंद केलं. यंत्र परदेशात, मग उत्तर आलं कुठून?"

हर्षद लॅपटॉप मिटायला गेला. हिरूने त्याचं मनगट धरलं. मॅडमनी प्रोग्राम उघडला. आत तीन नावं, नावांपुढे तीन तुकडे, आधीच, मंगळवारी लिहून ठेवलेले. परदेशातल्या यंत्राला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"असं यंत्र खरंच असतं," मॅडम लोकांना म्हणाल्या. "पण त्याचं उत्तर आपल्यापर्यंत साध्याच प्रोग्रामातून येतं. तो ज्याच्या हातात, तो वाटेत काहीही बदलू शकतो. मोठं नाव ऐकून हात जोडू नका. मधे कोण बसलंय ते विचारा."

सोनुबाई हर्षदकडे वळली.

"मागितला असतास तर दिला असता रं रस्त्याचा तुकडा. आता नाय."

दोन हजार अकरा साली कर्जतच्या कॉम्प्युटर क्लासात हर्षदचं नाव सोनुबाईने घातलं होतं.