लाड न सोसणारं झाड

सिस्टरांना रिकामं बसवणं म्हणजे भोवऱ्याला खुर्चीत बसवणं. चौतीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली. दर दोन तासांनी प्रत्येक खाटेपाशी जायचं, नाडी, ताप, रक्तदाब कागदावर चढवायचा आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. हे अंगात इतकं मुरलं होतं, की मुदतीआधी नोकरी सोडून त्या घरी बसल्या तरी त्यांचे पाय काही घरी बसले नाहीत. फरक एवढाच, की आता वॉर्डात एकच खाट उरली होती आणि तिच्यावर त्यांचा नवरा होता.

नवऱ्याला सगळा बाजार मिस्त्री म्हणायचा. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी दुकानातच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि तेव्हापासून मिस्त्री घरात होते. आता तब्येत सुधारली होती. सकाळी दोन तास दुकानात जायला काही हरकत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. हरकत सिस्टरांची होती.

"चौदा पायऱ्या आहेत दुकानाला," त्या म्हणायच्या.

"मोजल्यास वाटतं?"

"मी सगळंच मोजते."

ते खरंच होतं. त्या मिस्त्रींचे पाण्याचे घोट मोजत, अंगणातल्या फेऱ्या मोजत, दुपारी त्यांचा डोळा लागला की श्वास मोजत. मिस्त्री नुसते कुशीवर वळले तरी विचारत, "काय होतंय?" काही होत नाहीये, हे सांगून सांगून त्या बिचाऱ्याचं तोंड दुखायला लागलं होतं.

एके सकाळी नाक्यापर्यंतच्या परवानगीच्या फेरीवरून मिस्त्री परतले ते काखेत कुंडी घेऊन. कुंडीत तलवारीसारख्या ताठ पानांचं एक झाड होतं. पानांच्या कडांना पांढरे दोरे सुटले होते आणि टोकं अशी, की मिस्त्रींच्या बोटातून रक्त आलं होतं. सिस्टरांनी आधी बोट धुतलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना काट्याशी खेळतात का, म्हणून सुनावलं, पट्टी बांधली आणि मग विचारलं, "हे काय आणलंत?"

"युका. वाळवंटातलं झाड. नर्सरीवाला म्हणाला, ऊन सोसतं, थंडी सोसतं, वारा सोसतं, फक्त लाड सोसत नाही. बागेत लावायचं आणि विसरून जायचं."

"विसरून?"

"हो. तीन महिने तू त्याला हात लावला नाहीस आणि ते जगलं, तर मी दुकान उघडणार. मेलं, तर पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. बोल."

सिस्टरांनी मान डोलावली. झाडाचं काहीही होवो, तीन महिने तर पदरात पडत होते.

मागच्या बागेत, कुंपणाजवळ, जिथे दिवसभर ऊन असतं तिथे मिस्त्रींनी वाळू आणि खडी मिसळून उंचवटा केला आणि युका लावलं. पहिला आठवडा सिस्टरांनी दातावर दात ठेवून काढला. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांत खालचं पान टोकाकडून तपकिरी झालं. खालची पानं वाळतातच, असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. पण सिस्टरांच्या लेखी ते लक्षण होतं, आणि लक्षण दिसलं की उपाय करायचा असतो. मिस्त्री अंघोळीला गेले की एक पेला पाणी, इतपतच सुरुवात झाली. मग वाळू फारच भुकेली दिसते म्हणून दोन टोपल्या शेणखत गेलं. आणि मग एके दिवशी त्यांनी कपाटाच्या तळातून सलाईनची जुनी बाटली आणि नळी काढली, स्वच्छ धुतली, साध्या पाण्याने भरली आणि कुंपणाच्या खांबाला टांगली. मिनिटाला आठ थेंब. समोर आडोशाला चादर वाळत घातली.

"ही चादर रोज ओली कशी असते गं?" मिस्त्रींनी एकदा खिडकीतून विचारलं.

"जाड आहे," सिस्टर म्हणाल्या.

झाड मेलं तर सिस्टरच जिंकणार होत्या. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. चौतीस वर्षांत त्यांना कुणी खुळी म्हटलं नव्हतं. पण ताब्यात आलेला पेशंट डोळ्यांदेखत वाळू द्यायचा आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. तेव्हा त्या त्याला वाचवत राहिल्या, आणि वाचला तर नवरा चौदा पायऱ्या चढणार, या धास्तीने झुरतही राहिल्या. एका दिवसात वीस वीस वेळा मागच्या दारापर्यंत जाऊन येत.

सहाव्या आठवड्यात पानं पिवळी पडली. बुंध्याशी कुजका वास येऊ लागला. सिस्टरांनी एक पान हलकेच ओढलं, तर अख्खा शेंडा हातात आला. त्या तशाच उभ्या असताना मागून मिस्त्री आले. त्यांच्या हातात चहाचे दोन कप होते. त्यांनी बाजूला सरकलेली चादर पाहिली, बाटली पाहिली, नळी पाहिली.

"मला जाऊ द्यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं होतंस. या मुक्या झाडाला कशाला मारलंस?"

"मारलं? अहो, मी त्याला वाचवत होते."

"मलाही असंच वाचवणार आहेस?"

सिस्टरांनी हातातला शेंडा खाली टाकला. इतके महिने गिळलेलं सगळं वर आलं.

"दोन तास, अहो. छातीत कळा येत होत्या आणि दोन तास तुम्ही दुकानातल्या त्या स्टुलावर बसून राहिलात. मी आठ मिनिटांवर होते. परक्या माणसांच्या नाड्या मोजत होते."

"तू ड्यूटीवर होतीस. म्हटलं, उगाच कशाला..."

"शेजारच्या शिंप्याने फोन केला मला. तुम्ही नाही केलात."

कप कुंपणाच्या कट्ट्यावर ठेवून मिस्त्री आत गेले. पुढचे काही दिवस घरात भांडीच काय ती बोलत होती. रक्तदाब मोजायची वेळ झाली की मिस्त्री दंड पुढे करत आणि भिंतीकडे बघत बसत. दुकानाचं नाव त्यांनी काढलं नाही. शब्दाचे पक्के होते. तो पक्केपणा सिस्टरांना सहन होईना.

शेवटी त्या उरलेला बुंधा फडक्यात गुंडाळून नर्सरीवाल्याकडे गेल्या.

"पाणी पाजून मारलंत की," तो म्हणाला. मग त्याने मुळं चाचपली. "थांबा. खाली घट्ट आहे. पांढरं लागेपर्यंत कापा, आणि आठ दिवस सावलीत पडू द्या. मग कोरड्या वाळूत. महिनाभर पाण्याचा थेंब नाही."

"कापलेली जागा उघडी ठेवायची? त्यावर काही लावायचं नाही?"

"काही नाही."

"मग मी काय करायचं?"

"दुसरं काहीतरी करा," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सिस्टरांनी मुळाचे तीन तुकडे केले आणि मागच्या पडवीत वर्तमानपत्रावर मांडले. ते आठ दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दिवस होते. त्यांनी माळा साफ केला. औषधांची पेटी तीनदा लावली. जी चादर नाहक भिजत होती तिला इस्त्री केली. हात शिवशिवायला लागले की हात मांडीखाली घालून पायरीवर बसायच्या, आणि पाचव्या मिनिटाला उठून तुकड्यांपाशी जायच्या. चौथ्या दिवशी कापलेल्या जागा आपोआप सुकून, आक्रसून बंद झालेल्या दिसल्या. इतकी नीट जखम भरलेली त्यांनी पट्टीखालीसुद्धा क्वचितच पाहिली होती. खरं सांगायचं तर त्यांना थोडा रागच आला.

मग तुकडे वाळूत गेले. वर काहीच दिसत नव्हतं. नुसत्या वाळूकडे बघत बसायचं म्हणजे शिक्षाच. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि वाळूत बोट खुपसलं.

"उकरू नकोस," मागून आवाज आला.

मिस्त्री पायरीवर येऊन बसले होते. किती दिवसांनी ते आपण होऊन काही बोलले होते. सिस्टरांनी बोट काढून घेतलं आणि त्याही पायरीवर बसल्या. दोघं बराच वेळ त्या वाळूकडे बघत होते.

पाचव्या आठवड्यात, सकाळी, वाळूतून एक हिरवं टोक वर आलेलं सिस्टरांना दिसलं. जेमतेम सुईच्या अग्राएवढं. सिस्टर तिथेच उकिडव्या बसल्या. हे कुणाला सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. मिस्त्रींनी हार केव्हाच मान्य केली होती. जरा वाळू वरून सारली की काम झालं. तेवढ्या दोन मिनिटांत सिस्टरांच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यांनाच ठाऊक.

त्या आत आल्या. "झाड जगलं. उद्यापासून दुकान उघडा."

मिस्त्रींनी चष्मा काढला. "ते मेलं होतं. तू जिंकली होतीस."

"मूळ जगलं. मी काही केलं नाही म्हणून जगलं." सिस्टर समोर येऊन बसल्या. "मला भीती वाटते हो. सारखी वाटते. पण मी तुम्हाला फोन करणार नाही. एकदासुद्धा नाही. काही झालं, इतकंसं जरी झालं, तरी तुम्ही करायचा. मी कुठेही असले, कुणाचीही नाडी माझ्या हातात असली, तरी करायचा. एवढं कबूल करा आणि जा."

"कबूल," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊला ते गेले. सिस्टर फाटकाशी उभ्या राहिल्या, आत आल्या, पुन्हा फाटकाशी गेल्या. घरात तीन खोल्या होत्या, त्या तिन्ही खोल्यांतून पाच वेळा फिरून झालं. फोन त्यांनी फडताळावर ठेवला, मग टेबलावर, मग हातात. नऊ वाजून बावीस मिनिटांनी तो वाजला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मीच बोलतोय," मिस्त्री म्हणाले. आवाजात धाप होती. "पायऱ्या चढताना दम लागला. सातवीवर थांबलो, मग चढलो. आता स्टुलावर बसलोय."

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"डावा हात? जबडा?"

"नाही. थोडा घाम आलाय. चढल्याचा असेल."

"खरं सांगताय?"

"खरं सांगायचं नसतं, तर फोन कशाला केला असता?"

सिस्टरांनी डोळे मिटले. झटक्याच्या त्या दिवशी त्यांना एवढंच हवं होतं.

"पंखा लावा. दहा मिनिटं मशिनाला हात लावायचा नाही. मग पुन्हा फोन करा."

"तू येऊ नकोस हं."

"नाही येत."

फोन खाली ठेवल्यावर त्यांना दिसलं, की एका पायात चप्पल केव्हाच चढली होती. त्या तशाच एका चपलेने मागच्या दाराशी गेल्या आणि पायरीवर बसल्या. समोर वाळू होती आणि वाळूत ते हिरवं टोक. दहा मिनिटं त्या जागच्या हलल्या नाहीत.

फोन वाजला. "दम गेला," मिस्त्री म्हणाले. "आता मशीन उघडू?"

"उघडा," सिस्टर म्हणाल्या, आणि पायातली चप्पल काढून दुसरीच्या शेजारी नेऊन ठेवली.