ताईच्या नावाची ढेप

चीजवाल्याच्या अंगाला वास येतो, हे मला कोणी सांगायला नको. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामी राहते. त्यात माझी सोयच होते, पिशवी ठेवता येते. पण कधी कधी वाटतं, बसावं कोणीतरी.

दूध डेअरीच्या मागची खोली मी भाड्यानं घेतली आहे. भिंतींना पांढऱ्या फरश्या, मधोमध पाणी जायला मोरी, कोपऱ्यात दूध तापवायचं मोठं पातेलं. पलीकडच्या गार खोलीत लाकडी फळ्या आणि फळ्यांवर माझं चीज मुरत पडलेलं. एकेक ढेप गुळाच्या ढेपेएवढी, रंगानं मातकट. रोज सकाळी प्रत्येक ढेप उलटायची, मिठाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसायची आणि जागच्या जागी ठेवायची. एक दिवस आळस केला की बुरशी डोक्यावर बसते. हे सगळं मला ताईनं शिकवलं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मी छप्पन्न वर्षांचा झालो, तरी तिच्या लेखी बारक्याच आहे.

रविवारी मी बाजारात टेबल मांडतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मधवाल्या बाई. त्या बोलायला लागल्या की त्यांच्या माश्यासुद्धा गप्प बसत असतील. माझ्या टेबलावरचा पुठ्ठा त्यांनीच रंगवून दिला: ‘प्रत्येक तुकडा युद्धातल्या गावासाठी’. पुठ्ठा लावल्यापासून विक्री दुप्पट झाली आणि माझं डोकं चौपट फिरायला लागलं. लोक तुकडा तोंडात टाकतात, चावायच्या आधीच डोळे ओले करतात आणि “फार छान” म्हणतात. अहो, आधी गिळा तरी. मागे एक खेप माझ्या हातून खारट झाली होती, तीही फार छानच होती.

तरी पैसे मी मुकाट्यानं घेतो, कारण ते ताईकडे जातात. सहा वर्षांपूर्वी मी इथल्या डेअरीत दोन वर्षांच्या कामावर आलो आणि पाचव्या महिन्यात तिकडे आमच्या गावात लढाई सुरू झाली. ताईचं घर पडलं. घराखालचं चीज मुरवायचं तळघर तेवढं शाबूत राहिलं. आता तिथं ती आणि गल्लीतली चाळीसेक माणसं राहतात. मी परत जायला निघालो होतो, बॅगही भरली होती. ताईनं फोनवर झापलं.

“तू तिथंच बस. इथं आलास तर खाणारं एक तोंड वाढेल आणि तिथला कमावता हात जाईल. एवढं कळतं ना तुला?”

कळलं. तिच्यापुढे मला सगळं लवकर कळतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की मागे राहणाऱ्यानं त्याच्या नावानं एक ढेप करून ठेवायची. ती विकायची नाही, तिला सुरी लावायची नाही. रोज उलटायची, पुसायची आणि वाट बघायची. माणूस परत आलं की पहिला तुकडा त्याचा. आणि माणूस परत येणार नाही असं कळलं, तर मागे राहणाऱ्यानं ढेप कापायची, पहिला तुकडा स्वतः खायचा आणि उरलेली गल्लीत वाटून टाकायची. आमचा एक काका असाच गेला होता. आजीनं अकरा वर्षं त्याची ढेप पुसली. ज्या दिवशी कापली, त्या दिवसापासून घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. कापली म्हणजे आशा सोडली, इतका साधा मामला.

मी निघालो तेव्हा ताईनं माझ्या नावानं ढेप ठेवली. इथं बॅग रिकामी केली त्या दिवशी मीही तिच्या नावानं एक ठेवली. हा कारभार उलटाच. गेलेल्यानं राहिलेल्याची ठेवायची नसते. पण मला कोणाची तरी वाट बघायला हवी होती. फळीच्या डाव्या टोकाला, भिंतीलगत, साडेपाच वर्षं ती होती. सकाळी पहिला हात तिला. कधी तिच्याशी बोलायचोही. वेड लागलं नव्हतं, बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

मग हॉटेलवाले साहेब आले. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक वस्तूकडे ती ताटात कशी दिसेल याच नजरेनं बघतो. त्यांच्या हॉटेलात युद्धातल्या लोकांच्या मदतीसाठी बड्या लोकांचं जेवण ठेवलं होतं, त्यासाठी चीज निवडायला ते खोलीवर आले. फळ्या बघत बघत डाव्या टोकाला थांबले.

“ही किती जुनी?”

“साडेपाच वर्षं.”

“हीच द्या. अख्खी. लोकांसमोर कापू.”

“ती विकायची नाही.”

त्यांनी एक आकडा सांगितला. मी नाही म्हटलं. त्यांनी दुसरा सांगितला आणि मी मनात हिशेब मांडायला लागलो. आदल्याच बुधवारी ताई म्हणाली होती की तळघरातली शेगडी फुटली, पोरं रात्रभर खोकतात, दोघांना ताप आहे. त्या आकड्यात मोठी शेगडी येत होती आणि हिवाळाभराचं इंधनही.

“रविवारी सांगतो,” मी म्हटलं.

बाजारच्या दिवशी मधवाल्या बाईंनी माझं तोंड बघितलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ढेपेची रीतही सांगावी लागली.

“मग ताईंनाच विचारा की,” त्या म्हणाल्या.

“काय विचारू? ताई, तुझी आशा सोडू का, असं?”

“अहो, चीज आहे ते. माणूस नाही.”

तेवढ्यात हॉटेलवाले साहेब आले, त्यांच्याकडून आणखी एक आठवडा मागून घेतला. ते म्हणाले, पुढच्या रविवारी शेवटचं. तिकडे पोरं खोकत होती आणि मी इथं मुदत मागत होतो. स्वतःची लाज वाटली, पण सुरीला हात लागेना.

ताईचा फोन फक्त बुधवारी दुपारी लागतो, ती पाण्याच्या टाकीकडच्या चढावर जाते तेव्हा. त्या बुधवारी मी पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि पालथ्या बादलीवर बसून फोन लावला. पोरांचं विचारलं. खोकला तसाच होता. मग एका दमात सगळं सांगून टाकलं: तुझ्या नावाची ढेप, साडेपाच वर्षं, हॉटेलवाला, शेगडी.

पलीकडे नुसता वारा. मला वाटलं फोन कटला.

“माझ्या नावाची कशाला ठेवलीस?” ती म्हणाली. “मी कुठं गेलेय? मी घरीच आहे.”

“ठेवली खरी.”

“बावळट आहेस.” आणि मग, “बारक्या, तुझी मी कापली.”

“कधी?”

“मागच्या हिवाळ्यात. रस्ता बंद होता, चार दिवस पीठ नव्हतं. वर्षभरात बाकीच्या सगळ्या ढेपा खाऊन झाल्या होत्या. फळीवर एक तूच होतास.”

मागचा हिवाळा म्हणजे दहा महिने झाले. दहा महिने दर बुधवारी आम्ही बोलत होतो. दर वेळी मी म्हणायचो, सगळं मिटलं की येतोच, आणि ती म्हणायची, हो, ये.

“मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगू? तू आता येत नाहीस हे मला कळलंय, असं सांगू? इतक्या लांबून तू काय केलं असतंस, रडला असतास.”

“पोरांना पुरली का?”

“पुरवली. चाळीस माणसं, दोन दिवस. पहिला तुकडा मी खाल्ला, रीत आहे म्हणून. मीठ जरा जास्त पडलं होतं तुझ्यात.”

“मीठ तूच घातलं होतंस.”

“तू निघाला होतास ना. हात थाऱ्यावर नव्हता.” मग तिनं विचारलं, “रागावलास?”

“नाही.”

खोटं बोललो. राग आला होता. चाळीस भुकेली माणसं दोन दिवस माझ्यावर जगली, याचा अभिमान वाटायला हवा होता. मला मात्र एवढंच कळत होतं की या पृथ्वीवर माझी वाट बघणारी एकच जागा होती, एका तळघरातली हातभर फळी, आणि ती दहा महिन्यांपासून रिकामी आहे.

“तू माझी काप,” ताई म्हणाली. “चांगला भाव घे. आणि पहिला तुकडा त्या हॉटेलवाल्याला देऊ नकोस.”

रविवारी मी ढेप बाजारात घेऊन गेलो. हॉटेलवाले साहेब आल्यावर सुरी काढली आणि त्यांच्यादेखत पाचरीसारखा एक तुकडा कापून घेतला.

“अहो, अख्खी ठरली होती,” ते म्हणाले.

“एवढा तुकडा माझा. चालत नसेल तर राहू द्या.”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पाकीट पुढे केलं, उरलेली ढेप कापडात गुंडाळून घेतली आणि गेले.

मधवाल्या बाईंनी बरणी पुसता पुसता सगळं बघितलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. “गेल्या का हो ताई?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही. ठणठणीत आहे. बावळट म्हणाली मला.”

“मग कापलीत कशी?”

“तिनं माझी कापली, मी तिची कापली. आता आम्ही भेटणार नाही, एवढंच.”

बाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. आपली खुर्ची उचलून त्यांनी माझ्या टेबलाच्या आतल्या बाजूला आणून ठेवली आणि बसल्या. मी तुकडा खाल्ला. त्यांना दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही.

शेगडी पोचायला तीन आठवडे लागले. त्या बुधवारी ताईचा आवाज खणखणीत होता. पोरांचा ताप उतरला होता आणि शेगडीभोवती बसण्यावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण जुंपलं होतं. ते तिनं अगदी रंगवून सांगितलं. मग म्हणाली, “माझी कशी लागली?”

“मीठ बरोबर होतं.”

“शिकलास म्हणायचं.” मग तिनं विचारलं, “सकाळी हात जातो का रे तिकडे? माझा अजून जातो. फळी रिकामी आहे हे डोळ्यांना दिसतं, तरी जातो.”

“जातो.”

“मग काय करतोस?”

“फळी पुसतो,” मी म्हटलं.

“मीही,” ताई म्हणाली.