रोवण्याची सुट्टी

मी तोंडाची फटकळ आहे, हे सिहोऱ्यात कोणालेही विचारा. सासू म्हणे, सत्यभामाच्या जिभेले हाड नाई. पण एका माणसापुढं ही जीभ दहा वर्सं गप होती. ते म्हणजे भैय्याजी. पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. गावागावात बालवाड्या चालवाले त्याईनं मंडळ काढलं होतं. माझा नवरा गेला तवा मी चवथी शिकलेली, पदरात एक पोरगी. भैय्याजीनं बोलावून घेतलं, सातवीच्या परीक्षेले बसवलं, बालवाडीची बाई केलं, अन् मंग मंडळाची सचिव. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या विधवेले असा मान देणारा माणूस तवा गावात दुसरा नव्हता. त्याईचं मन मोडाचं म्हणजे माझ्या जिवावर येत होतं.

तरी मोडा लागलं. ब्याऐंशी सालची गोष्ट.

आमच्या सात बालवाड्या होत्या अन् सातही रोवण्यात बंद राहत. रोवणा लागला का गावच्या समद्या बाया धान लावाले बांधीत, चिखलाच्या वावरात, अन् लेकरं धुऱ्यावर, वावराच्या काठाले. बालवाडीच्या बाया बी रोवणीलेच जात, कारण मंडळाच्या पगारात मीठ-तेल सुटे, बाकी काई नाई. म्हणून भैय्याजीनं पहिल्या सालीच रोवण्याची सुट्टी लावून देल्ली होती. त्याच्यात कोणाले वावगं वाटलं नाई. मंग एक्क्याऐंशीच्या रोवण्यात रोवणीले आलेल्या गुलाबचा दोन वर्साचा पोरगा धुऱ्यावरून घसरून बाजूच्या लहान तलावात, बोडीत, गेला. आमची तुळसा बालवाडीची बाई, ती त्याच बांधीत रोवून राहिली होती. तिनं केसाले धरून काढला, म्हणून वाचला. त्या दिवसापासून मले झोप नव्हती. लेकराईले आपली सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तवाच आपण कुलूप लावतो. मंग हे मंडळ कायले?

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या संस्थेचे साहेब जीपनं आले. काम पाहून खूश झाले. म्हणाले, आम्ही मदत करतो, तुम्ही पुढं काय करणार ते ठरवून कळवा. भैय्याजीनं चहा संपाच्या आधीच ठरवलं. सातच्या वीस बालवाड्या कराच्या, नाकाडोंगरीपर्यंत. त्याईच्या डोळ्यात जी चमक आली होती, ती पाहून मले आनंद व्हाले पाहिजे होता. मले रागच आला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. आमच्या सभेची एक रीत होती. भैय्याजी ठराव सांगत, मंग विचारत, सगळ्याईले मंजूर? आम्ही नंदीबैलासारख्या मुंड्या हलवत होतो. मी लिहीत होती, सर्वानुमते मंजूर. त्या दिवशी बी त्याईनं विचारलं. मंडळातल्या ताराचंदशेठची मुंडी हलली, बाकीच्याईची हलली. मी लेखणी खाली ठेवली.

"मले मंजूर नाई, भैय्याजी."

मी एका दमात सांगून टाकलं. नवीन एकही बालवाडी नको. आहेत त्या सात रोवण्यात चालवू, बांधीजवळच, मांडव टाकून. ज्या म्हाताऱ्याईच्या कमरेनं रोवणा होत नाई, त्याईले बाईच्या जोडीले बसवू. बालवाडीच्या बायाईले रोवणीएवढी मजुरी देऊ, म्हणजे त्या बांधीत जाणार नाई. मदतीचा पैसा इथं लावू.

भैय्याजीचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, सात गावं म्हणजे डबकं झालं, मले तलाव कराचा आहे. मंग माझ्याकडं पाहून बोलले, "तुले बोलाले मी शिकवलं, सत्यभामा."

"तुम्ही शिकवलं, म्हणूनच बोलून राहिली," मी म्हटलं.

माझं ज्याईले पटते, त्याईले भैय्याजीनं हात वर कराले सांगतलं. मंडळात असं पहिल्यांदाच झालं. तुळसाचा हात आधी वर गेला, मंग दुसऱ्या बालवाडीच्या मंगलाबाईचा, अन् मंग बाकीच्या बायाईचे. भैय्याजीनं हात मोजले नाई. छत्री उचलली अन् पायऱ्या उतरून गेले. मी घरी जाऊन रडली. ज्या माणसानं मले उभं केलं, त्यालेच मी चार लोकात खाली पाडलं, असं वाटे.

नागपूरवाल्याईनं अर्धीच मदत देल्ली. वीस बालवाड्या ऐकून त्याईले आनंद झाला असता, सातची सातच ऐकून काहून व्हावा? भैय्याजी कागदावर अध्यक्ष होते, पण मंडळाच्या दारात आले नाई. गावात बोलाबोली सुरू झाली, का सत्यभामानं मंडळ बुडवलं.

रोवणा लागला. गावातल्या हिरालालच्या बांधीजवळ आंब्याखाली आम्ही मांडव टाकला. पहिल्याच दिवशी जोडीले बसवलेली म्हातारी तापानं फणफणली, अन् तुळसा अन् मी दोघीच उरलो. पाऊस भुरभुर येऊन राहिला होता. एक रडलं का दहा रडत. गुलाबचा पोरगा दोनदा बांधीकडं पळाला, दोनदा आणला. मले वाटलं, आता हे कुलूप आपल्याच हातानं लागते.

तवा धुऱ्यावरून छत्री येताना दिसली. भैय्याजी होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले. मांडवाबाहेरच उभे राहिले.

"सत्यभामाबाई, माझ्याजोगतं काम सांगा जी."

दहा वर्सात त्याईनं मले कधी बाई म्हटलं नव्हतं, जी तर नाईच नाई. माझे डोळे भरून आले. तिथंच चिखलात त्याईच्या पाया लागाव वाटलं. पण पाया लागली असती, तर ते पुन्हा सांगणारे झाले असते अन् मी पुन्हा मुंडी हलवणारी. मंग पुढच्या साली हा मांडव राहिला नसता.

मी गुलाबचा पोरगा उचलला अन् त्याईच्या हातात देल्ला.

"ह्याले झोपवा. अन् उद्यापासून आठले येत जा, आज लय उशीर केला तुम्ही."

"हो जी," म्हणाले, अन् पोराले घेऊन पोत्यावर बसले.