खिळ्यावरचं चित्र

आळेफाट्याला पुनमचंद शेठच्या बारदानाच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. खाली पोत्यांचा वास आणि नाशिक-नगरच्या गाड्यांचे हॉर्न. वर दर रविवारी सकाळी सात-आठ मोठी माणसं बोर्डाला कागद लावून समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढतात. शिकवतात बाळासाहेब सर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्या खोलीच्या भिंतीत एक खिळा आहे. बैठक संपली की सर सगळ्यांच्या बोर्डांवरून फिरतात, एक कागद सोडवून घेतात आणि खिळ्याला अडकवतात. पुढच्या बैठकीपर्यंत तो तिथे राहतो.

सहा वर्षं त्या खिळ्यावर बहुतेक वेळा अश्विनीचं चित्र असायचं.

अश्विनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. रसातली साखर दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत मोजायची सवय, चित्रही तसंच. हात लांब करून पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा, डोक्याच्या मापाने धड किती, मांडी किती ते मोजून खुणा करायच्या. दोऱ्याला लोखंडी नट बांधून तिने ओळंबा केला होता; कान आणि घोटा एका रेषेत येतात का, ते ती त्याने तपासायची. घरी, महाळुंगे पडवळला, तिची चित्रं कुणी पाहत नसे. नवरा गोरख दारातूनच, चष्मा न लावता, "झकास" म्हणायचा आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून जायचा. पाहणारा काय तो खिळाच.

मार्चमध्ये डिंपल आली. शेठची धाकटी सून. आधी ती नुसती चहाला बोलवायला यायची आणि दारात रेंगाळायची. एकदा सर म्हणाले, "उभी काय राहतेस? बस." ती बसली. पेन्सिल तिने मेंदीच्या कोनासारखी धरली, वरून, बोटांच्या टोकांत. अश्विनीला हसू आलं. "अगं, अशी नाही धरायची," म्हणून तिने मायेने दाखवलंही.

जूनपर्यंत ते हसू गेलं होतं. डिंपल मोजत नव्हती. दोन मिनिटं नुसती बघत राहायची आणि मग खांद्यापासून कोपरापर्यंत एकच रेघ ओढायची, न उचलता. ती रेघ बरोबर असायची. अश्विनीने एकदा, कुणी नसताना, डिंपलच्या चित्रावर पट्टी ठेवून पाहिली. चूक सापडली तर जीव थंड होईल असं वाटलं होतं. नाक किंचित लांब होतं. तेवढ्या आनंदावर तिने पुढचे चार दिवस काढले.

ऑगस्टपासून खिळ्यावर डिंपलच होती. अश्विनी खोलीत शिरली की आधी खिळ्याकडे बघायची, दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी. शिवाय डिंपल इतकी साधी, की राग धरायलाही जागा नाही. "ताई, तुमच्यासारखी हाडं कधी जमणार मला?" असं म्हणायची, आणि खरंच मनापासून म्हणायची. अश्विनीच्या अंगाची लाही व्हायची.

दिवाळीआधीची बैठक मोठी असते. एकच माणूस, एकच बसणं, दोन रविवार. त्यातलं चित्र महिनाभर खिळ्यावर राहतं, आणि फराळाला शेठकडे आलेली अर्धी बाजारपेठ ते वर येऊन बघून जाते. गेल्या वर्षी तिथे अश्विनीचं चित्र होतं. यंदाही ते तिला हवं होतं. इतकं हवं होतं की पहिल्या रविवारी रात्री जेवताना गोरखने दोनदा मीठ मागितलं तेही तिला ऐकू आलं नाही.

बसायला नेहमीच्या झुंबरबाई होत्या. मूळच्या लोणी गावच्या, आता लेकीकडे आळेफाट्याला. कांदा निवडून निवडून पाठीला बाक आलेला, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, आणि बसायला दगडासारख्या पक्क्या. फक्त डावा गुडघा पुरता वाकत नव्हता. म्हणून सरांनी तो पाय पुढे सैल सोडून त्यांना स्टुलावर बसवलं. मधे उठल्यावर माणूस पुन्हा तसाच बसावा म्हणून स्टुलाच्या पायांभोवती आणि पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवतात. ते काम सहा वर्षं अश्विनीचं. तिच्याइतकं नेमकं कुणी नाही, म्हणून त्या खडूला दुसरं कुणी हात लावत नसे.

"खडूच्या भायेर पाय गेला तर रावण नेतोय मला," झुंबरबाई म्हणायच्या. "आन त्यो तरी काय करील नेऊन? भाकरी थापायला ठेवील."

दुसऱ्या रविवारी मधल्या सुट्टीत सगळे चहाला खाली गेले. अश्विनी वर राहिली. डिंपलच्या बोर्डासमोर जाऊन उभी राहिली. डिंपल खिडकीजवळ बसायची, तिला झुंबरबाई बाजूने दिसायच्या. कागदावर पाठीचा बाक होता, मांडी होती, आणि गुडघ्यापासून पावलापर्यंत तिरकी उतरणारी एक लांब रेघ. सगळं चित्र त्या रेघेवर तोललेलं होतं.

अश्विनीची जागा समोरची. समोरून पाहताना पाय चार बोटं मागे घेतला तर जवळजवळ काही बदलत नाही. नडगी उभी ती उभीच दिसते. बाजूने पाहणाऱ्याला मात्र तीच नडगी तिरकीची सरळ होते, मांडी हलते, लुगड्याची चूण न् चूण बदलते. हे साधं भूमितीतलं होतं. तिने ते मनात एकदा तपासून घेतलं. मग अंगठा थुंकीने ओला केला, डाव्या पावलाभोवतीची रेघ पुसली आणि चार बोटं मागे, स्टुलाकडे, नवी मारली. गुडघ्याचा विचार तिच्या मनात आलाच नाही.

झुंबरबाई वर आल्या. स्टुलावर टेकल्या. डावं पाऊल रेघेजवळ नेऊन क्षणभर थांबल्या. खाली बघितलं, मग अश्विनीकडे बघितलं. आणि पाय मागे ओढून रेघेत ठेवला.

दहा मिनिटांत डिंपलने नडगीची रेघ खोडली. पुन्हा काढली. पुन्हा खोडली. कागदाचा तेवढा भाग मळून काळा झाला. अश्विनीच्या छातीत कढत कढत बरं वाटत होतं.

"मावशी," डिंपल एकदम म्हणाली, "पाय दुखतोय का तुमचा?"

"न्हाई गं. तू काढ."

"चेहरा वेगळा दिसतोय."

"म्हातारीचा चेहरा हाये तो. येळंयेळंला बदलतो."

"हलवू नका त्यांना," सर म्हणाले. "वीस मिनिटं राहिलीत."

डिंपलने कोळशाची कांडी खाली ठेवली ती ठेवलीच. नुसती झुंबरबाईंकडे बघत बसली.

अश्विनी काढत होती. समोर उजव्या हाताची बोटं स्टुलाच्या कडेला रुतली होती. तिने रुतलेली काढली. मानेची शीर वर आली होती, ओठ आत ओढलेले होते, नजर कुठेतरी भिंतीपलीकडे लागली होती. दिसतं ते काढायचं, ही तिची शिस्त. त्या वीस मिनिटांत तिने एकदाही ओळंबा धरला नाही आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सर तिच्या बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले.

"सहा वर्षं तू हाडं काढलीस," ते म्हणाले. "आज बाई काढलीस." आणि त्यांनी कागद खिळ्याला अडकवला.

सगळ्यांच्या आधी डिंपलने टाळ्या वाजवल्या. "ताई, मला दिसत होतं ते, पण काढता येईना. तुम्ही कसं हो काढलंत?"

अश्विनी पेन्सिली गोळा करू लागली.

माणसं बोर्ड आवरून गेली. झुंबरबाई उठायला लागल्या आणि पुन्हा मटकन बसल्या. डावा पाय सरळच होईना. डिंपल म्हणाली, "थांबा, तेल कोमट करून आणते," आणि धावत जिना उतरली. खोलीत दोघीच राहिल्या.

झुंबरबाईंनी मान वर करून खिळ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचं चित्र कधी निरखून पाहिलं नव्हतं.

"लई दुखतंय हिला," त्या म्हणाल्या.

अश्विनीने जमिनीवरचा खडू उचलून डब्यात टाकला.

"रेघ सरकली व्हती, बाई. माझा पाय मला ठावा न्हाई व्हय? म्हनलं, तुमाला चित्रात तसाच पायजे आसंल. म्हून बसले."

"चित्रासाठी नव्हती सरकवली."

"मग?"

रस्त्यावरून एक एसटी गेली आणि खिडकीची काच थरथरली. ती थांबेपर्यंत अश्विनी थांबली.

"डिंपलचं चित्र बिघडावं म्हणून."

झुंबरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. हसताना पाय हलला आणि "आई गं" म्हणाल्या, तरी हसायच्या थांबल्या नाहीत.

"माझ्या जावंनं माझ्या लोनच्याच्या बरनीत पानी घातलं व्हतं. सगळं गाव माझं लोनचं मागायचं ना, म्हून."

"मग?"

"मग काय? नासलं. पन तिला कुटं करता येत व्हतं?" त्यांनी गुडघा चोळला. "तुमाला तर येतंय की वो, बाई. मग माझा पाय कशाला मोडला?"

हे त्यांनी हसतहसतच विचारलं. अश्विनी खाली बसली आणि त्यांचा पाय हातात घेऊन हळूहळू सरळ करायला लागली. गुडघा गरम होता, सुजलेला होता. इतक्या वेळा काढलेल्या गुडघ्याला तिने पहिल्यांदाच हात लावला होता.

"माझं चुकलं, मावशी."

"माझं ऱ्हाऊ द्या. माझा गुडगा जुनाच हाये. जिची रेघ पुसली तिला सांगा."

"आता ती माझी चित्रंच बघणार नाही."

"न बघू दे."

अश्विनी उठली. खिळ्यासमोर जाऊन उभी राहिली. चित्र चांगलं होतं. ती अशा गोष्टीत चुकत नसे. तिने काढलेल्यांत हे सगळ्यात चांगलं होतं, आणि महिनाभर ते सगळ्यांनी बघावं असं तिला अजूनही वाटत होतं. असं चित्र डिंपलच्या हातून पुढच्याच रविवारी उतरेल, आणि तेही कुणाचा पाय न दुखवता, हेही तिला ठाऊक होतं. ते ठाऊक असणं अजून तितकंच जळत होतं.

जिन्यावर पावलं वाजली. तेलाची वाटी सांभाळत डिंपल सावकाश वर येत होती.

अश्विनीने कागद खिळ्यावरून उतरवला. वरच्या कडेला भोक पडलं होतं, ते तिने उगाच बोटाने दाबलं.

"अय्या, ताई, काढलंत का?" डिंपल दारातच थांबली. "राहू द्या ना. दिवाळीत सगळे बघतील."

"डिंपल," अश्विनी म्हणाली, "आधी मावशींना तेल लाव. मग इकडे ये. तुझी रेघ चुकली नव्हती, खडू चुकला होता. तो कुणी सरकवला, ते सांगायचंय."