झुंबरबाई कुठी जेवते?

सकाळच्या भाकरी झाल्या, झुंबरबाई पाण्याला गेली, आणि किसनरावानं पिठाचा डबा उघडला. इकडंतिकडं पाहिलं आणि पिठावर बोटानं एक बारीक रेघ ओढली. तुपाच्या बरणीच्या झाकणाला एक दोरा गुंडाळला. मग हात पायजम्याला पुसून ओसरीवर येऊन बसला, जणू देवपूजाच करून आला होता. आपल्याच घरात आपल्याच पिठावर पहारा! आता याला काय म्हणावं? पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस देवाच्या नैवेद्यावरही पाळत ठेवतो.

संशय कसला, तर झुंबरबाई, म्हणजे त्याची लग्नाची बायको, चोरून खाते असा.

हा किसनराव काही असातसा गडी नव्हता. नांदुऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्याच्या खाण्याचा डंका होता. शेतातल्या रोडग्यांच्या पंगतीत तो बसला की वाढणारे एकमेकांकडं बघायचे. गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा रोडगा फोडायचा, त्यावर तुपाची धार धरायची आणि वांग्याच्या भाजीसोबत असा हाणायचा की पाहणाऱ्यालाच धाप लागावी. जेवण झालं की गल्लीभर ऐकू जाईल असा ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "भरलं बॉ!"

पण खाल्लेलं जातं कुठं? शुगर झाली. गुडघे बोलायला लागले. झोपेत श्वास अडकायला लागला. शेवटी पोरगी अश्विनी, जी पुण्याला असते आणि बापाला अजिबात भीत नाही, ती दिवाळी झाल्यावर त्याला नागपूरला घेऊन गेली. तिथं डॉक्टरांनी त्याच्या पोटातली पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली.

हिवाळा मजेत गेला. भूक मेल्यासारखीच होती. चार चमचे वरण गेलं की किसनराव हात वर करायचा, "बस, भरलं." शर्ट ढिले झाले, गुडघे गप्प बसले, आणि लोक म्हणाले, वा! मग चैत लागला आणि भूक परत आली. आली ती सामानसुमान घेऊनच आली.

आणि उन्हाळा म्हणजे काय दिवस असतात हो! घराघरात कुरडयांचा चीक शिजतो. त्याचा तो आंबूस, गरम वास खिडकीतून येऊन थेट मेंदूत बसतो. किसनराव पाणी पिऊन पाहायचा, घोट घोट, अश्विनीनं सांगितलं तसं. फोनवर ती म्हणायची, "बाबा, ही डोक्यातली भूक हाये. थोडं थांबा, फिरून या, जाते ती." तो फिरायला निघायचा आणि पाय आपोआप स्टेशनकडं वळायचे, जिथं कचोरी तळत असायची. शहाणा माणूस! मग घरी येऊन मोबाईलवर रोडग्यांचे व्हिडिओ पाहत बसायचा, आवाज बंद करून. अशानं भूक जाते का? तिला उलट पाय फुटतात.

जेवायला बसला की वाटीभर मुगाचं वरण आणि त्यात भाकरीचा चुरा. तेवढ्यानंच छाती जड व्हायची. आणखी एक घास घेतला तर सगळं उलटून बाहेर. पण मन? मन ताट चाटायला तयार.

"भरलं का?" झुंबरबाई पळी हातात धरून विचारायची. लग्न झाल्यापासून ती हे विचारत आली होती. एक वेळ चुकली नव्हती.

"काय्चं भरते वं!" तो खेकसायचा. "चिमणीचा चारा देऊन राह्यली, अन् वरून इचारते भरलं का! नाही भरलं. भरणार बी नाही."

ती टोपलं झाकायची आणि मोरीकडं वळायची.

भुकेल्या माणसाचं नाक तिखट होतं आणि डोळे त्याहून तिखट. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की झुंबरबाई जेवताना दिसतच नाही. टोपल्यातल्या भाकरी जशाच्या तशा राहायच्या आणि सकाळी गाईपुढं जायच्या. "जेवली का वं?" विचारलं की "जेवीन ना मंग," म्हणायची. हे मंग कधी यायचंच नाही. बरं, घरात घास खात नाही, तर बाई वाळावी की नाही? ना डोळे खोल गेले होते, ना चालणं मंदावलं होतं. उपाशी माणूस कसा दिसतो हे किसनरावाला कोणी शिकवायला नको होतं. तो रोज आरशात बघत होता.

शिवाय ती रोज दुपारी गायब व्हायची. परत आली की बोटांना लसणाचा वास. एकदा तर केसात कापूस सापडला! आता कापूस होळीच्या आधीच खामगावच्या जिनिंगला गेला होता. घरात वातीपुरताही उरला नव्हता.

"कुठी गेलती?"

"दळण पाहाले."

"अन् हा कापूस?"

"वाऱ्यानं आला असंल."

वाऱ्यानं! वैशाखातल्या दुपारी नांदुऱ्यात झाडाचं पान हलत नाही, आणि म्हणे वारा. किसनरावानं मनात खूणगाठ बांधली.

त्यात देवानंदनं तेल ओतलं. हा देवानंद म्हणजे त्याचा पंगतीतला जुना जोडीदार. त्याचं पोट अजून शाबूत होतं आणि जीभ तर त्याहून. सगळं ऐकून तो म्हणाला, "भाऊ, सिधी गोठ हाये. बाई घरी खात नाही अन् बारीक बी होत नाही. म्हंजे कोठी तरी झ्याक जेवून राह्यली. तू इकडं वरणाचं पाणी पेय, अन् तिकडं तुह्या वाट्याचं तूप कोणाच्या तरी घरी वितळून राह्यलं!"

म्हणून ती रेघ, म्हणून तो दोरा. संध्याकाळी किसनरावानं डबा उघडून पाहिला. रेघ जशीच्या तशी होती. दोराही हलला नव्हता. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं, की चला, बायको चोर नाही. याचा संशय दुप्पट झाला. घरातलं खात नाही, म्हणजे बाहेरचं खाते. आणि बाहेरचं म्हणजे नक्कीच चमचमीत!

त्याच्या जिवाला हे फार लागलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझ्या भुकेच्या काळात ही बाई मला एकटं टाकून कुठंतरी ताव मारते? त्यानं मनाशी ठरवलं, की ज्या दिवशी पकडीन, त्या दिवशी तिच्याच ताटावर बसून हाणीन, पहिल्यासारखं. मग पोट फाटो नाहीतर राहो. अश्विनीनं तर बजावलं होतं, की एकदा ठासून खायला लागलात की उलट्या, शुगर, गुडघे सगळं परत येईल आणि पुन्हा कापायला पोटात काही उरलेलं नाही. पण रागाला आणि भुकेला एकाच वेळी समजावणारा अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घोरण्याचं सोंग घेऊन पडला. झुंबरबाईनं डोकावून पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. हा मागून. ऊन असं की चप्पल चिकटत होती. ती दळणाच्या गिरणीपाशी थांबलीसुद्धा नाही. मशिदीच्या मागची गल्ली धरली आणि थेट अकील गादीवाल्याच्या दुकानात शिरली.

अकील आणि त्याची बायको कौसर किसनरावाच्या चांगल्या ओळखीचे. अश्विनीच्या लग्नातल्या गाद्या त्यांनीच भरल्या होत्या. लगीनसराई होती, समोर कापूस पिंजायची मशीन धडधडत होती, आणि अकील तोंडाला रुमाल बांधून तिच्यात कापूस घालत होता. किसनराव त्याच्या पाठीमागून बाजूच्या दारानं मागच्या घरात घुसला.

आत कापसाचा ढीग होता. ढिगाच्या आडोशाला, दाराकडं पाठ करून झुंबरबाई बसली होती. मांडीवर ताट होतं, ताटात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आणि ती खात होती. भराभरा, चोरासारखी.

"सापडली!" किसनराव ओरडला. "हे तुयं दळण काय वं?"

झुंबरबाईचा हात तोंडाशीच थांबला. कौसर खोळ शिवत बसली होती, ती दचकून उठली. पण किसनरावाला आता काही दिसत नव्हतं, फक्त ताट दिसत होतं. तो फतकल मारून खाली बसला, अर्धी भाकर मोडली, भाजीत बुडवली आणि तोंडात कोंबली. मग लगेच दुसरा घास. चावायला वेळ कोणाला होता?

"थुका ते!" झुंबरबाईनं ताट बाजूला फेकलं आणि त्याचा जबडाच धरला. "थुका म्हंते ना! मरता का?"

घास तिथंच अडकला. छातीत अशी कळ गेली की डोळ्यापुढं अंधारी आली. कौसरनं पाठीवर थाप मारली, झुंबरबाईनं ओंजळ पुढं केली, आणि किसनरावानं तो सगळा राग, भाकर आणि वांगं तिच्या ओंजळीत ओकून टाकलं. मग भिंतीला टेकून धापा टाकत बसला.

"भाऊ," कौसर म्हणाली, "माह्या घरात जेवणाऱ्यावर कोणी ओरडत नाही. आयका आधी. भाभी फुकट खात नाही. रोज खोळी शिवून देते, मंग दोन घास खाते. उन्हाळ्याच्या सुरवातीले इथीच दारात चक्कर येऊन पडली. इचारलं तं म्हणे तीन दिवस झाले, पोटात अन्न नाही."

"अन्न नाही? घरात भाकरी गाईले जाऊन राह्यल्या!"

"त्या घरच्या हायेत," झुंबरबाई हात धूत म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आईनं मले चुलीपाशी बसवलं अन् शब्द घेतला. म्हणाल्या, किसन्या सोता भरलं म्हणल्याबिगर या घरच्या अन्नाले तोंड लावू नोको. म्या लावलं नाही कधी. अन् तुमी? चैतापासून एक डाव तरी भरलं म्हणले का?"

मशीन बाहेर धडधडत होती. किसनरावाला आपलाच आवाज ऐकू आला, नाही भरलं, भरणार बी नाही. दोन्ही वेळा, रोज, तिच्या तोंडावर. आणि इतकी वर्षं ती पळी घेऊन का उभी राहते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. ढेकर दिला आणि उठला, एवढंच.

"मीच म्हणलं भाभीले," कौसर म्हणाली, "माह्या घरच्या अन्नावर तं शपथ नाही ना? मंग इथी खा."

"अवं पण मले सांगाले काय झालतं?" किसनरावाचा आवाज फाटला.

"काय सांगू? तुमी भुके राह्यता म्हणून मीबी भुकी राह्यते, असं? तुमचंच तुमाले झेपत नाही, त्यात माह्या उपासाचं वझं कायले टाकू?"

"आई जाऊन जमाना झाला. म्या सोडलं तुले त्या शब्दातून, जाय!"

"शब्द तुमाले देल्ला होता का? तुमी कोण सोडणारे?"

आता या बाईला काय सांगावं? असल्या शब्दांना खरं तर त्याच चुलीत काडी लावावी. पण सासू वर गेली ती किल्ली घेऊनच गेली होती, आणि झुंबरबाई कुलूप फोडणाऱ्यांतली नव्हती. किसनराव उठला आणि घरी आला. डोळे पुसले ते घाम म्हणून पुसले.

संध्याकाळी झुंबरबाईनं वाटी वाढली. तेच मुगाचं वरण, तोच चुरा. शेजारी कोणीतरी चिकावर तूप सोडलं होतं, त्याचा वास सरळ ओसरीवर आला. किसनरावानं एकेक घास चावून चावून खाल्ला. छाती जड झाली, वाटी संपली, आणि भूक पहिल्या घासाच्या आधी होती तिथंच, तशीच उभी होती.

"भरलं का?" झुंबरबाईनं विचारलं.

किसनराव आयुष्यात खाण्याच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता. त्यानं रिकाम्या वाटीकडं पाहिलं.

"भरलं," तो म्हणाला.

पळी हवेतच राहिली. झुंबरबाईनं डोळे बारीक केले. "खोटं बोलून राह्यले."

"माह्या पोटातलं तुले जास्त मालूम का मले?"

ती हलेना. आता संशय तिच्या डोळ्यांत बसला होता, आणि तो काढायची किल्ली फक्त याच्यापाशी होती. किसनरावानं तोंड मिटलं, दोन घोट हवा गिळली आणि ढेकर दिला. जुना गल्लीभर जाणारा नव्हता, बेडकाएवढाच होता. पण होता.

"भरलं बॉ," तो पुन्हा म्हणाला.

झुंबरबाईनं पळी खाली ठेवली. मग तिनं ताट ओढलं आणि त्याच्या समोरच बसली. इतक्या वर्षांत त्यानं तिला जेवताना नीट पाहिलंच नव्हतं. ती भाकर चतकोर मोडायची, ठेच्याला जराशी टेकवायची आणि मिरची लागली की "स्स" करायची. किसनरावाच्या तोंडाला पाणी सुटलं, पोटात गुरगुरलं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून तो मोठ्यानं खाकरला. उठून जावं असं फार वाटलं. तो उठला नाही.

भाकर संपली तशी ती हात धुवायला उठायला लागली.

"बस वं," किसनराव म्हणाला, आणि टोपलं तिच्याकडं सरकवलं. "अजून एक घे."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग टोपल्याकडं, आणि दुसरी भाकर घेतली.